किंकाळी कुणाच्या नावावर?

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात मी अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावर बोललो. दीड तास बोललो. फळ्यावर नावं लिहिली. फ्रेडरिक डग्लस, डुबॉइस, मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, बाल्डविन, ह्यूई न्यूटन, बॉबी सील. मग म्हटलं, प्रश्न विचारा. मागच्या रांगेतली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "दादा, या सात जणांच्या घरी बायका नव्हत्या का?"

सगळे हसले. मीही हसलो. कायतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. कारण त्या भाषणाच्या शेवटी मी पोरांना एक रेकॉर्ड ऐकवली होती. ऐकवताना म्हणालो होतो, ही मॅक्स रोचची रेकॉर्ड, १९६० सालची. रेकॉर्डवर एक बाई गाते, रडते, किंचाळते. अख्ख्या वर्गाच्या अंगावर काटा आला तो त्या बाईच्या आवाजानं. आणि मी तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तिचं नाव ॲबी लिंकन. नंतर तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं, मिळेल ते ऐकलं. त्यातून जो इतिहास हाती लागला तो मित्रांपुढे ठेवतो. हा माझ्या त्या दीड तासाच्या भाषणाचा राहून गेलेला भाग समजा.

आधी जॅझविषयी दोन शब्द. जॅझ म्हणजे पंचतारांकित हॉटेलातलं श्रीमंतांचं संगीत असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. ते जन्मलं गुलामांच्या लेकरानातवंडांत. शेतावरची कष्टाची गाणी, चर्चमधली भजनं, ब्लूज आणि लष्करी बँडची टाकून दिलेली वाद्यं, यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या आसपास ते उभं राहिलं. त्यात ढोलाचं एक वेगळंच प्रकरण आहे. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. गोऱ्यांनी पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांच्या हातातला ढोल काढून घेतला. आपल्याकडे उलट. आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात हलगी सक्तीनं बांधली आणि गावकीच्या नावाखाली दारोदार वाजवायला लावली. त्यांचा ढोल हिरावला, आपल्यावर तो लादला. पण ढोल कुणी कधी वाजवायचा हे ठरवणारा हात दोन्हीकडे मालकाचाच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढं एक बाई आणि एक ढोल यांचीच गोष्ट आहे.

ॲबी लिंकनचं मूळ नाव ॲना मरी वूलरिज. जन्म ६ ऑगस्ट १९३०, शिकागो. बारा भावंडांतली दहावी. वाढली मिशिगन राज्यातल्या एका खेड्यात. घरात पियानो होता, त्यावर पोरगी आपली आपण सूर शोधत बसायची. शाळेत गायली, चर्चमध्ये गायली. विशीत घर सोडून कॅलिफोर्निया, होनोलुलू अशा ठिकाणी नाइटक्लबात गाऊ लागली. तिथं नावं बदलत गेली. कधी ॲना मरी, कधी गॅबी ली. १९५६ च्या सुमाराला बॉब रसेल नावाचा गोरा गीतकार तिचं काम बघू लागला. त्यानं नाव ठेवलं ॲबी लिंकन. वेस्टमिन्स्टर ॲबीतलं ॲबी आणि अब्राहम लिंकनमधलं लिंकन. अब्राहमनं काही गुलाम सोडवले नाहीत, तुला जमतंय का बघ, असं तो म्हणे गमतीनं म्हणाला. गंमत म्हणून ठेवलेलं नाव बाईनं खरं करायला घेतलं, ते पुढं.

सुरुवातीला तिला काय बनवलं होतं? बाहुली. १९५६ च्या 'द गर्ल कान्ट हेल्प इट' या सिनेमात तिला एक गाणं मिळालं. अंगावर लाल झगा चढवला. हा झगा आधी मर्लिन मन्रोनं एका सिनेमात घातलेला. म्हणजे गोऱ्या नटीच्या अंगावरून उतरलेला कपडा, आणि त्यात काळी बाई गोऱ्यांच्या नजरेला सोसेल अशी बसवलेली. १९५७ साली 'एबनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर तोच झगा. पहिली रेकॉर्ड निघाली तीही प्रेमात पडलेल्या पोरीच्या गाण्यांची. पैसा येत होता, नाव होत होतं. असंच चालू राहिलं असतं तर आज आपल्याला तिच्याबद्दल लिहायचं कारण पडलं नसतं.

ती न्यूयॉर्कला आली आणि ढोलकऱ्याशी, म्हणजे ड्रमर मॅक्स रोचशी गाठ पडली. चार्ली पार्करबरोबर वाजवलेला, जॅझमधला त्या काळचा पहिल्या रांगेतला वादक. १९५७ साली तिची 'दॅट्स हिम' ही रेकॉर्ड निघाली. तिच्यामागं रोच, सॉनी रोलिन्स, केनी डोरहॅम, विंटन केली, पॉल चेंबर्स असे एकेक दांडगे वादक उभे होते. इथून ती शोभेची बाहुली उरली नाही, वादकांतली एक झाली. केस सरळ करायचं सोडलं, जसे उगवतात तसे ठेवले. त्या काळात कृष्णवर्णीय गायिकेनं असे केस ठेवून स्टेजवर उभं राहणं म्हणजे पोटावर पाय आणून घेणं. आणि तो लाल झगा? तो तिनं जाळला. ही तिनंच पुढं मुलाखतींतून सांगितलेली गोष्ट. काय जाळायचं हे ठरवण्यात सुद्धा एक शिक्षण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता १९६० साल बघा. १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठेनात. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ माणसं मेली. रोच आणि शिकागोचा कवी-गायक ऑस्कर ब्राउन ज्युनियर हे दोघं १९६३ साठी एक मोठी रचना बांधत होते. गुलामगिरी संपवणाऱ्या जाहीरनाम्याला त्या साली शंभर वर्षं होणार होती. पण किंगच्या वाटेनं जायचं की माल्कमच्या, यावरून दोघांचं बिनसलं आणि काम अर्धं राहिलं. शार्पव्हिलनंतर शंभरीची वाट बघत बसण्यात अर्थ उरला नव्हता. ऑगस्टच्या ३१ तारखेला आणि ६ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत जे होतं ते रेकॉर्ड केलं. नाव 'वी इन्सिस्ट'. आम्ही हट्टानं मागतो. खाली लिहिलं 'मॅक्स रोचचा फ्रीडम नाऊ सूट'. मुखपृष्ठावर जेवणाच्या काउंटरवर बसलेले तीन काळे आणि पलीकडे गोरा वाढपी.

पाच तुकडे आहेत. पहिला गुलामांच्या मुकादमावर. पाच मात्रांची चाल, आणि पहिल्या मात्रेवर असा फटका की आसूड कडाडला वाटावं. सुरुवातीला फक्त लिंकनचा आवाज आणि खंजिरी. त्यात कोलमन हॉकिन्स हा जुना जाणता सॅक्सोफोनवाला वाजवतो. वाजवताना त्याच्या वाद्यातून एक सूर चरकला. रेकॉर्ड करणारे म्हणाले, तेवढं कापून जोडू. म्हातारा म्हणाला, कापू नका, अशा गाण्यात सगळं बिनचूक आलं तर त्यातच काहीतरी खोट आहे. दुसरा तुकडा गुलामगिरी संपल्याच्या बातमीचा. बातमी खरी की खोटी याचा पत्ता नाही, म्हणून गाणं धावतंय पण आनंदात नाही, धास्तीत. चौथ्यात ती आफ्रिकेतल्या जमातींची नावं पुकारत जाते आणि नायजेरियाचा ओलातुंजी तिला योरुबात जबाब देतो. पाचवा शार्पव्हिलच्या मेलेल्यांसाठी. त्यात शब्दच नाहीत.

आणि मधला तिसरा. याचं नाव 'ट्रिप्टिक', म्हणजे तीन फळ्यांचं चित्र. प्रार्थना, निषेध, शांती. सगळे वादक बाजूला होतात. उरतात एक बाई आणि एक ढोल. आधी ती गुणगुणते, कण्हते, ढोल हळूच विचारल्यासारखा वाजतो. मग ती किंचाळायला लागते. एखादी आरोळी नव्हे. मिनिटाहून जास्त वेळ, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा किंकाळी, आणि खाली ढोल पेटलेला. मग दोघं थकतात. तिचा श्वास ऐकू येतो. शब्द एकही नाही. शब्द का नाहीत याचा मी बराच विचार केला. मला असं वाटतं की ज्या भाषेत तिच्या माणसांना विकलं, मोजलं, हाक मारली, त्या भाषेचा एक शब्द सुद्धा त्या घडीला तिला तोंडात नको होता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, आवाज बारीक केला होता. शेजारी काय म्हणतील!

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं या रेकॉर्डवर बंदी घातली. सरकारला गाणं बरोबर कळलं होतं.

आता हिशेबाकडे येऊ. रचना रोचची. शब्द ब्राउनचे. रेकॉर्डवर नाव रोचचं. गळा मात्र लिंकनचा. आणि मार कुणी खाल्ला? रोचनं खाल्लाच, त्यालाही पुढं कंपन्यांनी दूर ठेवलं. पण बाईनं जो खाल्ला तो वेगळा.

१५ फेब्रुवारी १९६१. काँगोच्या पॅट्रिस लुमुंबाच्या खुनाची बातमी नुकतीच फुटलेली. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीची बैठक चालू असताना प्रेक्षकांच्या सज्ज्यातून काळ्या बायाबापड्यांनी उठून घोषणा दिल्या, सभा बंद पडली. हे घडवून आणणाऱ्यांत ॲबी लिंकन, माया अँजेलू आणि रोझा गाय या तिघी पुढं होत्या. आणि बरोबर सात दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, लिंकन स्टुडिओत उभी राहिली. या खेपेला रेकॉर्ड तिच्या स्वतःच्या नावावर. 'स्ट्रेट अहेड'.

या रेकॉर्डवर ती नुसती गात नाही, लिहितेही. शीर्षकाच्या गाण्याचे शब्द तिचे. थेलोनियस मंकच्या 'ब्लू मंक' या नुसत्या वाजवायच्या चालीवर तिनं शब्द बांधले आणि खुद्द मंकनं ते मान्य केले. मंकनं तिला एक कानमंत्रही दिला होता, की इतकी बिनचूक राहू नकोस. हॉकिन्स जे सॅक्सोफोनबद्दल बोलला तेच. लँग्स्टन ह्यूजचे शब्द, पॉल लॉरेन्स डनबारची कविताही त्यात आली. एरिक डॉल्फी, हॉकिन्स, मॅल वॉल्ड्रन साथीला. ट्रंपेट वाजवणारा आणि बरीच मांडणी करणारा बुकर लिटल त्याच वर्षी ऑक्टोबरात आजारानं वारला, वय अवघं तेवीस. इतक्या जणांचं देणं तिच्या त्या एका रेकॉर्डवर आहे आणि तिनं ते कधी लपवलं नाही.

'डाउन बीट' हे जॅझवाल्यांचं वजनदार मासिक. तिथं आयरा गिटलर या गोऱ्या समीक्षकानं रेकॉर्ड झोडपली. त्याचा मुख्य आक्षेप सुरांवर नव्हताच. ही बाई काळेपणाचा धंदा करते, असा त्याचा रोख होता. मित्रहो, हे वाक्य ओळखीचं वाटतं का? आपल्या पहिल्या पिढीच्या लेखकांनी आपलं जगणं लिहिलं तेव्हा, दुःखाचं भांडवल करतात म्हणून हिणवलं गेलंच की. मन्रोचा झगा घालून गायली तेव्हा कुणी म्हटलं नाही की ही धंदा करते. तो खरा धंदा होता. स्वतःच्या माणसांबद्दल गायला लागली तेव्हा धंदा झाला!

यावर त्या मासिकानं एक चर्चा ठेवली आणि १९६२ च्या मार्चच्या दोन अंकांत छापली. त्याच समीक्षकाच्या समोर बसून लिंकन आणि रोच त्याच्याशी भांडले. आपल्या लोकांची गोष्ट आपण सांगायची नाही तर कुणी सांगायची, हा तिचा मुद्दा. छापून आलेल्या चर्चेत ती कुठं माघार घेत नाही. पण तेवढ्यानं दार उघडलं नाही. 'स्ट्रेट अहेड' नंतर पुढची बारा वर्षं तिच्या स्वतःच्या नावाची एकही नवी रेकॉर्ड झाली नाही. तिशीपासून बेचाळिशीपर्यंतची वर्षं, गाणाऱ्या बाईचा गळा ऐन भरात असतो ती.

मग तिनं काय केलं? जे दार उघडं दिसलं तिथून काम केलं. १९६२ मध्ये रोचशी लग्न केलं, त्याच्या रेकॉर्डांवर गायली. १९६४ च्या 'नथिंग बट अ मॅन' मध्ये रेल्वेमजुराशी लग्न करणारी शिक्षिका झाली. दक्षिणेतल्या साध्या काळ्या माणसाचं घर त्या सिनेमात जसं दिसतं तसं त्याआधी क्वचितच कुणी दाखवलं होतं. १९६८ साली 'फॉर लव्ह ऑफ आयव्ही' मध्ये सिडनी पॉइटियरसमोर, गोऱ्यांच्या घरची चाकरी सोडायला निघालेली मोलकरीण.

आणि १९६६ च्या सप्टेंबरात तिनं 'निग्रो डायजेस्ट' मध्ये लेख लिहिला. काळ्या बाईचा मान कोण राखणार, असा त्याच्या मथळ्याचा अर्थ. गोऱ्या पुरुषानं काळ्या बाईचं काय केलं ते तर त्यात आहेच. पण आपल्याच पुरुषांकडेही तिनं बोट केलं. घरात तिला टाकून बोलणारे, तिच्या रंगाला आणि केसांना हसणारे, तिच्या कष्टावर उभं राहून वर तिलाच दोष देणारे. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, ज्याच्यावरून १९७२ साली इथं आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. पँथर आपल्यापर्यंत सहा वर्षांत पोचला. त्याच्या आदल्या महिन्यातला तो बाईचा लेख माझ्यापर्यंत पोचायला पन्नास वर्षांहून जास्त लागली. काय आयात करायचं हे कोण ठरवत होतं? आम्ही पुरुषच. १९७० साली टोनी केड बंबारानं 'द ब्लॅक वूमन' या संग्रहात तो लेख पुन्हा छापला, म्हणून तो टिकला. बाईचं लिहिणं बाईनं राखलं.

१९७० ला रोचशी घटस्फोट झाला. ती कॅलिफोर्नियात परतली, विद्यापीठात नाट्य शिकवलं. सत्तरच्या दशकात मिरियम मकेबाबरोबर आफ्रिकेत गेली. तिथं तिला दोन नावं मिळाली, गिनीत अमिनाता, झाईरमध्ये मोसेका. ती नावं तिनं अभिमानानं लावली. १९७३ साली टोकियोत अमेरिकन आणि जपानी वादक घेऊन 'पीपल इन मी' रेकॉर्ड केली. माझ्यात कितीतरी देशांचे लोक राहतात, असं सांगणारं त्यातलं शीर्षकगीत तिचं स्वतःचं. निषेधाची बाई म्हणून जिला एका खोलीत कोंडलं, ती बाहेर पडली ती अशी.

खरा हिशेब चुकता झाला साठीत. १९९० च्या 'द वर्ल्ड इज फॉलिंग डाउन' पासून एका फ्रेंच निर्मात्यानं तिच्या रेकॉर्डा काढायला घेतल्या आणि मग जवळजवळ वीस वर्षं त्या निघत राहिल्या. १९९१ च्या 'यू गॉटा पे द बँड' वर स्टॅन गेट्झ हा गोरा सॅक्सोफोनवाला तिच्या साथीला आहे, कर्करोगानं खंगलेला. त्याच साली तो गेला. इथं शब्द तिचे, चाली तिच्या, नाव तिचं, आणि मोठमोठे पुरुष वादक तिची साथ करतायत. हँक जोन्ससोबत नुसता पियानो आणि गळा. पुढं एका रेकॉर्डवर जुना सोबती ओलातुंजी आणि चर्चची गाणी गाणारे स्टेपल सिंगर्स. एका रेकॉर्डवर टॅप नाचणाऱ्या सेव्हियन ग्लोव्हरचे पाय हेच वाद्य. बॉब डिलनचं लोकगीतासारखं गाणंही तिनं आपलं करून टाकलं. २००७ ची शेवटची 'ॲबी सिंग्ज ॲबी' म्हणजे बहुतेक स्वतःचीच गाणी, आणि साथीला पियानो नाही. गिटार, ॲकॉर्डियन, चेलो. हे जॅझ आहे का, असं विचारणाऱ्यांना ती तोवर मोजेनाशी झाली होती. २००३ साली सरकारनं जॅझमधला सर्वोच्च सन्मान दिला. १४ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये ती गेली, वय ऐंशी. ज्या रेकॉर्डनं तिची दारं बंद केली ती 'वी इन्सिस्ट' २०२२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन करायच्या राष्ट्रीय यादीत गेली. बासष्ट वर्षं लागली.

यातून रोचला खलनायक करायची माझी इच्छा नाही. तसं केलं तर तीच चूक उलटी होईल. रोच नसता तर ती बाहुलीच राहिली असती कदाचित, आणि ती नसती तर रोचचा ढोल एकटाच वाजला असता. त्या तिसऱ्या तुकड्यात नीट ऐका. ती थांबते तिथं ढोल वाट बघतो, ढोल चढतो तिथं ती चढते. आपल्या भाषेत साथ म्हणतो ती हीच. साथ दोन्हीकडून असते. फक्त नाव लिहायची वेळ आली की एकच नाव लिहिलं जातं, आणि ते कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली छापलं. गावोगाव फिरून, बाबासाहेबांच्या चळवळीत झटलेल्या बायांना भेटून केलेलं काम. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. तरी फळ्यावर लिहिताना माझा हात सात पुरुषांवर थांबला. तेव्हा दोष माहितीच्या तुटवड्याचा नाही.

पुढच्या वर्गाला मी ती रेकॉर्ड परत लावली. आधी फळ्यावर ॲबी लिंकनचं नाव लिहिलं, मग रोचचं, मग ब्राउनचं, ओलातुंजीचं, हॉकिन्सचं, बुकर लिटलचं. ती पोरगी पहिल्या रांगेत होती. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाली, "दादा, माझी आजी गायन पार्टीत होती. कॅसेटवर तिचा आवाज आहे. नाव नाही." मी विचारलं, मग कुणाचं आहे? म्हणाली, "पार्टीवाल्याचं."

आम्ही आता तिच्या आजीपासून सुरुवात केली आहे. तुमच्या वस्तीत जी कुणी चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला माईकवर उभी राहिलेली असेल, कोरसात मागं असेल, तिच्याकडे जा. नाव, गाव, साल लिहून घ्या. गाणं तिनं बांधलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. म्हाताऱ्या बाया वाट बघत थांबत नाहीत. आमच्याकडे आत्तापर्यंत अकरा नावं झाली आहेत.

जय भीम.